बेबीमावशीला पायचीत सांगताना

चौथा बॉल तुझ्या तुरीत गेला, मावशी,
आणि तू तो पदराच्या गाठीत बांधून
धुऱ्यावर बसलीस.
"आंधी सांगा, हे चालू काय हाये.
मंग देतो."

ई-क्लासात फायनल थांबली.
पहिलं बक्षीस बोरीला बांधलेलं, पाला खात.
सगळ्यांनी मला पाठवलं,
कारण अंपायरची टोपी माझ्या डोक्यावर होती.
दुसरं काही कारण नव्हतं.

तर मावशी, हे तीन दांडे म्हणजे घर.
वर दोन गुल्ल्या असतात, त्या बेल्स.
आपल्या वाऱ्यानं पडतात, म्हणून खिशात ठेवल्यात.
समोरून एक जण बॉल टाकतो,
हा बॅटवाला घर राखतो.
"म्हंजे जागल."
हो. जागल.
"अन् थो फेकते ते रानडुक्कर."
तसं म्हण हवं तर.

सहा बॉल झाले की षटक संपतं,
मग दुसऱ्या टोकाकडून टाकायचे.
"कायले?"
मला माहीत नव्हतं. सूर्य, म्हणालो,
एकाच्याच डोळ्यात किती वेळ राहणार.
तुला ते पटलं.

बॉल मारला की पळायचं, बावीस यार्ड,
दोघांनी एकदम. लिहायचं मात्र मारणाऱ्याच्या नावावर.
"अन् दुसरा?"
तो नॉन-स्ट्रायकर.
"थो काय करते दिवसभर?"
बॅट धरून उभा राहतो. हाक आली की पळतो.
तू गाठीतला बॉल जरा दाबून पाहिलास.

वाइडची धाव, नो-बॉलची धाव
बेरजेत धरतात, पण कोणाच्याच नावावर नाही.
तिला अवांतर म्हणतात.
"सातबाऱ्यावर नाव नाई, पन पीक तिचंच,"
म्हणालीस आणि हसलीस.
मला हसावं की नाही कळेना,
म्हणून घाईनं पॉइंट, मिडऑन, गली दाखवली.
गली तुला ओळखीची वाटली.
सिली पॉइंटवरचा गोलू पाहून म्हणालीस,
"याच्या मायले सांगा लागते. लयच जवय उभा रायते."

पायचीत मी वगळणार होतो.
पण तूच विचारलंस, मघाशी अंकुशच्या पायाला लागला
तं सगये कायले कोकलले?

मावशी, बॉल पायाला लागला. दांड्यांना लागला नाही.
पण मधे पाय नसता, तर लागला असता,
असं अंपायरला वाटलं तर तो बाद.
"नसता तर?"
हो.
"म्हंजे जे झालंच नाई, त्याचा निकाल?"
हो.
"अन् थो देते कोन?"
मी.
"तू? तुले मागच्या साली माही कालवड दिसली नवती,
पुढ्यात उभी असून!"

पोट्टे लोळायचे बाकी राहिले.
तू हसली नाहीस. तुरीकडे पाहत होतीस,
शेंगा भरत आल्या होत्या.
नसता तर, पुन्हा म्हणालीस, हळू,
बाजारात घ्यायचं नसून भाव विचारावा तशी.
नसता तर.

मी म्हणालो, शंका असली तर
निकाल बॅटवाल्याच्या बाजूनं द्यायचा, असं आहे.
"हे बरं हाये.
हे ज्यानं काढलं थो शाना व्हता."

मग गाठ सोडलीस, बॉल फेकलास,
खालून, टप्पा न पडता,
थेट कीपरच्या हातात.
गोलू ओरडला, मावशी, टाकतं का एक षटक?
"तुरीत आला तं बाद," तू म्हणालीस,
"अन् शेंग तुटली तं बोकड माहा."
तो नियम मी स्कोअरबुकाच्या पुठ्ठ्यावर लिहून घेतला.
अजून चालतो.

शेवटच्या षटकात पुन्हा अंकुशचाच पाय.
अकरा जण माझ्याकडे तोंड करून ओरडले.
बोट उचलण्याआधी मी धुऱ्याकडे पाहिलं.
तू उभी होतीस,
कपाळावर हात आडवा धरून,
उन्हाच्या पलीकडे,
तो बॉल पुढे कुठे गेला असता
ते पाहत.